गंभीर आजारी मूल आणि घरातली उसंत

वर्धा जिल्ह्यात डॉक्टर नाहीत, अशी तक्रार सहसा कोणी करणार नाही. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि तासा-दीड तासाच्या प्रवासावर असलेले नागपूर यांमुळे आजाराचे निदान होणे, शस्त्रक्रिया होणे किंवा मुलाला अतिदक्षता विभागात खाट मिळणे या गोष्टी येथे महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांपेक्षा सोप्या आहेत. परंतु ज्या मुलाचा आजार पूर्ण बरा होणारा नाही, किंवा ज्याचे उपचार वर्षानुवर्षे चालणार आहेत, त्याच्या आयुष्यात रुग्णालयाचा वाटा वर्षाकाठी काही दिवसांचाच असतो; बाकीचे दिवस आणि जवळजवळ सगळ्या रात्री ते मूल घरी असते, आणि परिचारिका, आहारतज्ज्ञ, व्यायाम देणारा तज्ज्ञ आणि रात्रपाळीचा कर्मचारी ही सर्व कामे घरी बहुधा एकच व्यक्ती करते. ती व्यक्ती म्हणजे आई, आणि तिला बदली मिळत नाही.

अशा घराला ठरावीक काळासाठी बदली मिळवून देण्याच्या व्यवस्थेला येथे विसावा सेवा म्हटले आहे. शिकवून तयार केलेली एखादी व्यक्ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी घरी येते, मुलाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेते आणि तेवढे तास पालक मोकळे होतात, इतकीच तिची मूळ कल्पना आहे. त्या वेळात पालकांनी झोपावे, शेतात जावे, दुसऱ्या मुलाच्या शाळेत जावे की नुसते ओट्यावर बसावे, हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न असतो. ही सेवा रुग्णालयात, निवासी केंद्रात किंवा दिवसभराच्या पाळणाघरासारख्या केंद्रातही देता येते. परंतु ज्या मुलाला नळीने अन्न द्यावे लागते, ज्याला झटके येतात किंवा ज्याची मान धरत नाही, त्याला खेड्यातून एसटीने तालुक्याच्या गावी नेणे हेच मोठे काम असल्याने घरी येऊन दिलेली सेवा अशा कुटुंबांना सर्वांत उपयोगी पडते.

गृहभेट आणि विसावा यांत गल्लत होते, म्हणून हा फरक आधी स्पष्ट करणे बरे. आशा स्वयंसेविका, परिचारिका किंवा डॉक्टर घरी येतात तेव्हा ते मुलाला तपासतात, औषधाची चौकशी करतात, सल्ला देतात आणि अर्ध्या-पाऊण तासात निघतात. या काळात आईचे काम कमी होत नाही, उलट चहा ठेवणे, कागद शोधणे आणि प्रश्नांची उत्तरे देणे यांमुळे ते थोडे वाढतेच. गृहभेटीत तिला माहिती मिळते आणि विसाव्यात वेळ मिळतो, आणि या दोहोंपैकी कोणतेही एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. सरकारी अहवालांत मात्र भेटींची संख्या मोजली जाते, कारण ती मोजणे सोपे असते, आणि आईला मिळालेल्या मोकळ्या तासांसाठी कोणत्याही नमुन्यात रकाना नसतो.

घरी जाऊन उसंत देण्याच्या संघटित प्रयत्नाचे एक जुने उदाहरण इंग्लंडमधील रग्बी या गावी १९७४ मध्ये सापडते, आणि त्याचा उगम काहीसा अनपेक्षित आहे. ‘क्रॉसरोड्स’ नावाच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतील एक तरुण पात्र अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला खिळते, असे कथानक होते; त्या निमित्ताने अपंग व्यक्तींच्या खऱ्या घरांत काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना क्षणाची फुरसत नसते, ही गोष्ट निर्मात्यांच्या कानांवर गेली आणि मालिका प्रसारित करणाऱ्या कंपनीच्या देणगीतून घरोघर मदतनीस पाठवणारी योजना त्याच नावाने उभी राहिली. मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस, म्हणजे असाध्य आजारात त्रास कमी करून काळजी घेणारे निवासी केंद्र, ऑक्सफर्डला १९८२ मध्ये ‘हेलन हाउस’ या नावाने सुरू झाले. त्याचीही सुरुवात विसाव्यातूनच झाली होती. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर पूर्ण परावलंबी झालेल्या एका लहान मुलीला सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका अधूनमधून आपल्या मठात सांभाळू लागल्या, जेणेकरून तिच्या आई-वडिलांना काही रात्री झोप मिळावी, आणि या अनुभवातून त्या संस्थेची कल्पना आकाराला आली. मुलांचे हॉस्पिस म्हटले की आपल्याकडे मृत्यूची खोली डोळ्यांसमोर येते, परंतु तेथे येणारी बहुसंख्य मुले काही दिवस राहून घरी परत जात असतात. पुढे इंग्लंडमध्ये अपंग मुलांच्या पालकांना अल्पकालीन उसंत मिळवून देणे हे स्थानिक प्रशासनाचे बंधनकारक काम ठरले, आणि २०११ पासून त्याचे नियमही लागू आहेत.

भारतात या विचाराचा प्रवास मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांपासून झाला. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले, १९९३ मध्ये कोझिकोडला वेदना व परिहार उपचारांची संस्था स्थापन झाली, आणि १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र उभे राहिले, जेथे रुग्णासोबत नातेवाइकालाही राहता येते आणि घरी काय करायचे ते शिकता येते. या उपचारशाखेला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच परिहार सेवा, म्हणतात. आजार बरा होवो वा न होवो, वेदना, धाप, उलटी, भीती आणि कुटुंबावरचा ताण कमी करणे हे तिचे काम, आणि विसावा सेवा हा तिचाच एक भाग मानला जातो. मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये केलेली व्याख्या असे सांगते की ही काळजी निदानाच्या दिवसापासून सुरू व्हावी आणि तिच्यात कुटुंबाच्या आधाराचाही समावेश असावा. महाराष्ट्रात २०१० नंतर मुलांच्या परिहार सेवेचा एक प्रकल्प राबवला गेला, आणि त्यात मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाबरोबरच जव्हारचे कुटीर रुग्णालयही होते. आदिवासी तालुक्यातील साध्या सरकारी रुग्णालयाला केंद्र मानून पाड्यांवरील मुलांपर्यंत जाता येते, एवढे तरी त्यातून दिसले. वर्ध्यासारख्या जिल्ह्याने धडा घ्यायचा तर तो मुंबईपेक्षा जव्हारकडून घ्यावा.

कोणत्या मुलांच्या घरी या सेवेची गरज असते, याचे वर्गीकरण ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांनी चार गटांत केले आहे, आणि वैदर्भीय गावांना ते बऱ्याच अंशी लागू पडते. बरा होऊ शकणारा, परंतु उपचार फसू शकणारा आजार, उदाहरणार्थ रक्ताचा कर्करोग, हा पहिला गट. या मुलांच्या कुटुंबाची पांगापांग उपचाराच्या काळात होते, आई मुलासोबत नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात अडकते आणि गावी राहिलेल्या भावंडांना आजी सांभाळते, त्यामुळे येथे विसावा आजारी मुलापेक्षा मागे राहिलेल्या घराला लागतो. दीर्घ उपचारांनी आयुष्य वाढते, परंतु आजार जात नाही, असा दुसरा गट. त्यात ड्युशेन या स्नायुक्षयाचा समावेश होतो. तो जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो, साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलाचे चालणे थांबते आणि पुढे रात्री कूस बदलण्याइतकीही ताकद स्नायूंत उरत नसल्याने घरातल्या कोणाला तरी रात्रीतून अनेकदा उठावे लागते. अशा घराची खरी गरज रात्रीची असते आणि दिवसा कोणी येऊन बसल्याने ती भागत नाही. तिसऱ्या गटात हळूहळू वाढत जाणारे व उपचार नसलेले चयापचयाचे व मेंदूचे आजार येतात. ते विरळ असतात. चौथ्या गटात आजार वाढत नाही, पण मूल आयुष्यभर परावलंबी राहते. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने, अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे किंवा तीव्र काविळीने मेंदूला इजा होऊन झालेली तीव्र सेरेब्रल पाल्सी हे त्याचे सर्वांत परिचित रूप असून हातपाय ताठणे, झटके येणे, गिळता न येणे आणि वारंवार न्यूमोनिया होणे या चार गोष्टी एकत्र आल्या की त्या घरात दिवस आणि रात्र यांत फारसा फरक राहत नाही.

विदर्भात या चार गटांच्या कडेला सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे दोन आनुवंशिक आजार उभे असतात. मध्य भारतात सिकलसेलचे अस्तित्व शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी १९५८ मध्ये नागपूरहून ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदवले. आज केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या अभियानात २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात व हाडांत असह्य वेदना उठतात. शरीरातले पाणी कमी होणे, ताप, थंडी आणि अतिश्रम ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत, आणि मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जाणाऱ्या वर्ध्यात पाणी कमी पडण्याचा धोका काही पुस्तकी नाही. या मुलाचे दहा दिवस शाळेत नीट जातात आणि अकराव्या रात्री ते किंचाळत उठते. म्हणून त्याच्या कुटुंबाला आठवड्याच्या ठरलेल्या वारी येणाऱ्या मदतनिसापेक्षा हाक मारल्यावर येणारी व्यक्ती हवी असते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या प्रत्येक वेळी रक्तपेढी, रांग, रक्त चढणे व परतीची बस यांत एक पूर्ण दिवस आणि एका माणसाची मजुरी जाते. येथे पालकाऐवजी मुलाबरोबर रक्तकेंद्रात बसणारे विश्वासाचे माणूस मिळाले, तरी तो विसावाच झाला. विसावा सेवेचे एकच ठरीव पाकीट बनवून ते सर्वांना वाटण्याची कल्पना म्हणूनच टिकत नाही.

शहरातील नोकरदार कुटुंबासाठी बनवलेल्या योजनांत आठवड्याला तीन-चार तास अशी समान वाटणी असते, परंतु सोयाबीन, कापूस आणि तूर यांवर जगणाऱ्या जिल्ह्यात घराची ओढाताण वर्षभर सारखी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीपासून पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी या काळात बाईच्या हाताला मागणी असते. वेचणीची मजुरी तर किलोवर मिळते, म्हणजे जी बाई सकाळी दोन तास उशिरा शिवारात पोहोचते तिचे तेवढे पैसे बुडतातच. भूमिहीन घरात वर्षाची बहुतेक रोकड याच महिन्यांत येते. आजारी मुलाची आई या काळात कामावर जाऊ शकली नाही, तर त्या घराचे औषधाचे पैसेही त्याच हंगामात बुडतात. आठवड्याला तीन-चार तास ही वाटणी मोडून वर्षभराचे तास सोंगणी-वेचणीच्या महिन्यांत एकवटले आणि एप्रिल-मे मध्ये कमी केले, तर त्याच खर्चात कुटुंबाला दुप्पट उपयोग होईल. पीकपाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे आखलेली विसावा सेवा परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. ती आष्टी, कारंजा (घाडगे) किंवा समुद्रपूरच्या गावातच सुचू शकते.

आज या घरांत विसावा अजिबात मिळत नाही असे नाही, तो मिळतो. फक्त तो देणारे माणूस कोणाच्या हिशेबात नसते. आई वेचणीला गेली की मुलाजवळ आजी बसते, आणि आजीची कंबर गेलेली असेल तर सातवी-आठवीतली मोठी बहीण शाळा बुडवून बसते. तिला कोणी शिकवलेले नसते, भावाला झटका आला तर काय करायचे ते तिला फक्त पाहून माहीत असते, आणि तिच्या हजेरीतील त्या रिकाम्या दिवसांचे कारण शाळेच्या नोंदीत ‘घरगुती’ असे पडते. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजूही पाहायला हवी: एकत्र कुटुंब मुलांना सांभाळते हे खरे आहे, पण कुटुंबातले कोण सांभाळते, असे विचारले की उत्तर नेहमी त्याच घरातल्या बायकांपाशी व मुलींपाशी येऊन थांबते.

घरी येणाऱ्या मदतनिसाला नेमके काय यावे लागते, हे जवळून पाहिल्यावर या कामाला मायेबरोबर कौशल्यही किती लागते ते ध्यानात येते. नाकातून पोटात गेलेल्या नळीने मुलाला भरवायचे असेल, तर प्रथम नाकपुडीशी असलेली खूण जागची हलली नाही ना हे बघावे लागते. मग सिरिंजने थोडा द्रव वर ओढून तो आम्लता तपासणाऱ्या कागदावर टाकून पाहावा लागतो, कारण नळी सरकून श्वासनलिकेत गेलेली असेल तर दुधाचा घोट फुप्फुसात जातो. मुलाचे डोके व छाती तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवायची, सिरिंजचा दट्ट्या काढून तिची नळकांडी वर धरायची आणि पेज किंवा दूध दाबून न ढकलता आपल्या वजनाने उतरू द्यायचे. शेवटी थोडे पाणी सोडून नळी धुवायची आणि त्यानंतरही अर्धा तास मुलाला आडवे करायचे नाही. हे सर्व आई रोज चार-पाच वेळा करते. एकाच कुशीवर पडून राहणाऱ्या मुलाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कंबर, घोटा किंवा डोक्याच्या मागील भागाची कातडी लाल होऊन फुटते. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी काहीही घालायचे नाही, कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचे, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडॅझोलामचा फवारा वापरून १०८ क्रमांकावर फोन करायचा. यात घड्याळ बघणे सर्वांत अवघड असते, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते.

न बोलणाऱ्या मुलाची वेदना ओळखणे याहूनही नाजूक आहे. यासाठी मिशिगन विद्यापीठात १९९७ मध्ये ‘फ्लॅक’ ही मोजपट्टी तयार झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची तयारी या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी बेरीज काढायची, अशी तिची रीत आहे. परंतु सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पाय एरवीही ताठ असतात आणि काही मुले दुखले की रडण्याऐवजी एकदम गप्प होतात, म्हणून पुढे या मोजपट्टीत सुधारणा झाली व मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहिण्यासाठी पालकांना जागा ठेवण्यात आली. एखादे मूल दुखले की डावा कान ओढते, दुसरे दात खाते, तिसरे आईच्या आवाजाकडे पाठ फिरवते. या गोष्टी फक्त घरच्यांना माहीत असतात, कोणत्याही प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात त्या शिकवता येत नाहीत. म्हणून चांगल्या विसावा सेवेचे पहिले साधन म्हणजे मुलाच्या नावाची साधी दोनशे पानी वही, जिच्यात औषधांची नावे, वेळा व माप, भरवण्याची पद्धत, दुखण्याच्या खुणा, मुलाला काय आवडते, कशाने ते दचकते, वीज गेली तर तोंडातील लाळ ओढणारे यंत्र हाताने कसे चालवायचे आणि कोणाला फोन करायचा, हे आईच्या शब्दांत, शक्यतो तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेले असते. आई लिहू शकत नसेल, तर आशाताईने तिच्या तोंडून उतरवून घ्यावे. ही वही लिहिताना अनेकदा असेही होते की डॉक्टरांच्या केसपेपरवर नसलेली माहिती प्रथमच कोणीतरी नोंदवते.

कौशल्याइतकाच विश्वासाचा प्रश्न असतो, आणि योजना आखणारे तो नेहमी कमी लेखतात. मदतनीस दारात येऊन उभी राहिली तरी आई बाहेर जात नाही. मूल आपल्या पाठीमागे रडेल, त्याला ठसका लागेल, लोक म्हणतील ‘लेकरू परक्याच्या हवाली केलं’, या भीतीने ती आतल्या खोलीत बसून राहते. ज्या ठिकाणी अशी सेवा चालते तेथे पहिल्या काही वेळा आई घरीच असताना मदतनीस फक्त सोबत काम करते, मग आई शेजारी जाते, मग दुकानापर्यंत जाते, आणि पुष्कळ आठवड्यांनंतर शेतापर्यंत जाते. माणूस बदलला की हा सगळा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मुलांच्या संरक्षणाचा मुद्दाही येथेच येतो: बंद घरात न बोलणाऱ्या मुलाजवळ एकटे बसणाऱ्या व्यक्तीची ओळख गावाला असणे, पोलीस पडताळणी होणे आणि तिच्या भेटी कोणीतरी अवचित जाऊन पाहणे आवश्यक आहे, मग ती व्यक्ती कितीही सज्जन का असेना.

सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोगी असलेल्या परचुरे शास्त्रींना जवळ ठेवून स्वतःच्या हातांनी मालिश केल्याचे उदाहरण वर्ध्यात सेवेचा विषय निघाला की हमखास दिले जाते. ते थोरच आहे; परंतु आश्रमात स्वयंपाक, पाणी, सफाई आणि पत्रव्यवहार करणारे इतर अनेक हात होते, म्हणूनच रोज एका रुग्णाला वेळ देणे शक्य झाले, हा भाग त्या गोष्टीतून गळून पडतो. समुद्रपूरच्या एखाद्या खेड्यातील आईला सेवाभाव शिकवावा लागत नाही, तिला ते इतर हात हवे असतात.

हे हात कोणाचे असावेत, यावर तीन उत्तरे सुचतात आणि तिन्हींत काहीतरी उणे आहे. आशा स्वयंसेविका गावातली असते आणि तिच्यावर घरांचा विश्वास असतो, शिवाय आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत आता परिहार सेवाही धरलेली आहे. पण साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, नवजात बाळांच्या ठरीव भेटी, लसीकरण आणि सर्वेक्षणे यांतून तिला कोणाच्या घरी तीन तास बसणे जमणारे नाही. सेवाग्राम आणि सावंगी दोन्हीकडे नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, आणि सेवाग्रामला तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तेथील काही कुटुंबांशी नाते ठेवायचे, अशी जुनी परंपरा आहे. परंतु विद्यार्थी पाळ्यांप्रमाणे बदलतात आणि दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा आला तर मूल व आई दोघेही त्याला स्वीकारत नाहीत. तिसरे उत्तर म्हणजे त्याच गावातली किंवा शेजारच्या गावातली, चाळिशीच्या आसपासची, आपली मुले मोठी झालेली बाई, जिला रुग्णालयाने काही आठवडे शिकवावे, बचत गटाने निवडावे आणि तिच्या तासांचे पैसे मिळावेत. विद्यार्थी आणि आशा यांनी तिला शिकवणे, तपासणे आणि अडचणीला फोन उचलणे एवढेच करावे. हे तिसरे उत्तर सर्वांत व्यवहार्य आहे, मात्र त्याला रोख पैसा लागतो.

केरळमध्ये १९९९ नंतर मलप्पुरम जिल्ह्यापासून वाढत गेलेल्या शेजारी-जाळ्याच्या चळवळीने परिहार सेवा स्वयंसेवकांच्या बळावर उभी केली, आणि पुढे २००८ मध्ये राज्याने परिहार सेवेचे धोरणही स्वीकारले; तेथे आश्वासकिरणम या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला दरमहा ६०० रुपये देण्याची पद्धत आहे. रक्कम लहान आहे, परंतु काळजी घेणे हे काम आहे असे सरकारी कागदावर मान्य झाले. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयातील उपचारांचे पॅकेज मिळते, मात्र घरच्या तीन तासांना त्यात जागा नाही. परिणामी थकलेली आई कधी कधी मुलाला थोडा ताप आला की भरतीच करून घेते, कारण वॉर्डात निदान रात्रीचे लक्ष द्यायला दुसरे कोणी असते, आणि खाटेचा तो खर्च घरच्या मदतनिसाच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक असूनही योजनेच्या हिशेबात तो बिनचूक बसतो.

कायदा अगदीच गप्प नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना, समर्थ ही निवासी विसाव्याची योजना आणि सहयोगी ही काळजीवाहकांना शिकवण्याची योजना आखण्यात आली. परंतु समर्थसाठी केंद्रात जाऊन राहावे लागते, आणि न्यासाच्या यादीत स्नायुक्षय किंवा सिकलसेल नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मात्र स्नायुक्षय, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला, आणि त्याच्या २४ व्या कलमात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. ते कलम सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून योजना करण्यास सांगते, त्यामुळे भत्ता देणारी राज्ये देतात आणि न देणारी कुवतीकडे बोट दाखवतात.

गावाच्या हाती असलेला एक पैसा मात्र सहसा नजरेआड राहतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी असे शासनाचे आदेश आहेत, आणि ती बहुतेक ठिकाणी वस्तूंच्या वाटपात किंवा वर्षअखेरीस समान रोख वाटणीत संपते. समजा एखाद्या मोठ्या गावाचे स्वउत्पन्न दहा लाख रुपये आहे, तर हा वाटा पन्नास हजारांचा होतो. तीन तासांच्या एका भेटीला तीनशे रुपये धरले तर त्यातून वर्षाला सुमारे १६६ भेटी निघतात, म्हणजे तीव्र परावलंबी अशा दोन मुलांना आठवड्यातून एक भेट देऊनही साठ भेटी सोंगणी-वेचणीच्या महिन्यांसाठी शिल्लक राहतात. अर्थात या पैशावर गावातल्या इतर दिव्यांगांचाही हक्क आहे, आणि ग्रामसभेत दोन घरांसाठी एवढी रक्कम मागणे आईला सोपे जाणार नाही. तिच्यासाठी आशाताईने किंवा सरपंचाने बोलावे लागेल.

या निधीचे दार दिव्यांग प्रमाणपत्रातून उघडते, आणि कर्करोग झालेले मूल त्या २१ प्रकारांत बसत नाही. अशा घरासाठी वर्ध्यातच एक जुना नमुना आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने राबवलेल्या ग्रामीण आरोग्य विम्यात गावकरी सुगीच्या वेळी आपल्या ऐपतीप्रमाणे, जमीन पाहून, ज्वारीच्या रूपाने वर्गणी भरत आणि गावाला त्या बदल्यात उपचाराची हमी मिळे. ती वर्गणी रुग्णालयातील खाटेसाठी होती. तिच्यातला एक पायलीचा वाटा घरच्या तीन तासांसाठी बाजूला काढायचा की नाही, हे गावानेच ठरवायचे आहे, आणि आता ज्वारीचा पेरा कमी झाल्याने तो वाटा सोयाबीनमध्ये मोजावा लागेल.